बोलू नको रे राजा

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही नानांकडं आला. ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी खोक्याचा, पुढं सरकती दारं आणि त्या दारांना छोटं कुलूप. अँटेना धाब्यावर बांबूला बांधलेली, वारं सुटलं की ती फिरायची, मग नानांचा मोठा मुलगा वर चढायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, आलं, आलं, गेलं, थांब थांब, आता हात काढू नको. साल १९८५. मी नऊ वर्षांचा. रविवारी दुपारी साडेचारला विक्रम और बेताल लागायचं आणि चार वाजल्यापासूनच नानांची ओसरी भरलेली असायची, पोरं पुढं, बाया भिंतीला टेकून, शेतातून आलेली माणसं दारात उभी, बाहेर चपलांचा ढीग.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रात्र, स्मशान, एक जुनं झाड आणि त्याला उलटा लटकलेला वेताळ. राजा विक्रम त्याला खाली उतरवतो, पाठीवर घेतो आणि चालायला लागतो, कारण एका योग्याला त्याने शब्द दिलाय की ते प्रेत मी आणून देईन. अट एकच, वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही. वेताळ वाट कटावी म्हणून गोष्ट सांगतो, गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो आणि म्हणतो की उत्तर माहीत असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. राजाला उत्तर माहीत असतं. तो बोलतो. बोलला की वेताळ हसत हसत उडून परत झाडावर. पुढच्या रविवारी परत तेच.

रामानंद सागर यांची मालिका, सगळे मिळून २६ भाग. विक्रम अरुण गोविल, आणि वेताळ सज्जन. सज्जन म्हणजे जुन्या काळातले सिनेमातले नट, २००० साली गेले, पण आमच्या पिढीला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आमच्यासाठी तो वेताळच होता. पांढरे केस, पांढरे कपडे, आणि ते हसणं. आज लोक म्हणतात की तेव्हाचे इफेक्ट साधे होते, होतेच साधे, माणूस इथं दिसतोय आणि कॅमेरा थांबवून परत चालू केला की गायब, हे नऊ वर्षांच्या पोरालासुद्धा थोडंफार समजायचं. तरी अंगावर काटा यायचा. कारण भीती त्या गायब होण्यात नव्हतीच. भीती त्या आवाजात होती, जो मागून, अगदी कानाशी यायचा, आणि गोड यायचा. चिडलेलं भूत एकवेळ परवडतं. हा तर प्रेमानं बोलायचा, राजाची चौकशी करायचा, तू थकला असशील म्हणायचा आणि थकलेल्या माणसाला गोष्टीत गुंतवून फसवायचा.

माझी आजी माहेरची अमळनेरकडची, अस्सल अहिराणी बोलणारी. तिला हिंदी अर्धं समजायचं आणि वेताळाची गोष्ट तिला आधीपासून पाठ, तिच्या बापानं सांगितलेली. ती खांबाला टेकून बसायची, प्रश्न आला की तिची जपमाळ थांबायची आणि ती टीव्हीकडं हात करून जिवाच्या आकांतानं म्हणायची, "बोलू नको रे राजा, बोलू नको, तो जाई झाडवर!" दर रविवारी म्हणायची. आणि दर रविवारी राजा बोलायचा आणि सगळ्या ओसरीतून एकदम "आरेरे" निघायचं.

पण मला त्या मालिकेतलं सगळ्यात जास्त काय आवडायचं सांगू, तर प्रश्न आणि उत्तर यांच्या मधला वेळ. वेताळानं विचारलं की आता सांग राजा, दोषी कोण, की ओसरीत कुजबुज सुरू. नाना एक म्हणायचे, नानी दुसरं, दारात उभा असलेला सालदार तिसरंच काहीतरी, आणि सालदाराचं उत्तर बरोबर निघालं की नाना त्याच्याकडं वळून मान हलवायचे. आमच्या गल्लीत एरवी सालदाराला कोणी मत विचारत नव्हतं. वेताळ सगळ्यांना विचारायचा. मी एकदा आजीला म्हटलं की मला त्या भुताची रात्री भीती वाटते, तर ती म्हणाली, "तो भूत नही शे रे, तो मास्तर शे." हे वाक्य मी चाळीस वर्षं सांभाळून ठेवलंय.

आता त्या भीतीबद्दल. आमचं शेत तापीच्या बाजूला, केळी. मोटारीची लाईट रात्रीची असली की वडील पाणी द्यायला रात्री जायचे आणि सुट्टीत आम्हा दोघा भावांना घेऊन जायचे. एकदा धाकटा, तेव्हा पाच वर्षांचा, मध्येच रडायला लागला, घरी जायचं, आईकडं जायचं. वडिलांना मोटार सोडून येता येईना. ते मला म्हणाले, घेऊन जा त्याला पाठुंगळी, बॅटरी घे, आणि मागं पाहू नको. वाट नाल्यावरून जाणारी आणि नाल्याच्या पलीकडं आमच्या गावाची मसणवट. दोन्ही बाजूला केळीचे बाग, वाऱ्यानं फाटलेली पानं एकमेकांवर घासायची, तो आवाज ज्यानं रात्री ऐकलाय त्यालाच माहीत, कोणीतरी सोबत चालतंय असाच वाटतो. मी चालतोय, बॅटरीचा पिवळा गोल पुढं पुढं, आणि धाकट्याचं रडणं थांबलं. पाठीवरचं ओझं एकदम जड झालं कारण तो अर्धवट झोपला होता, खाली घसरायचा, मी झटका देऊन वर घ्यायचो. आणि नाल्यापाशी आलो तेव्हा त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "भाऊ, तू बोलत काबरं नाही?"

त्याचा गरम श्वास मानेवर लागला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बोललो तर पाठीवरचं उडून जाईल असं मला खरोखर वाटलं, भीती भुताची नव्हती, भाऊ जाईल याची होती. मी घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. दारात आईनं त्याला उतरवून घेतलं तेव्हा बोललो. तेव्हापासून विक्रम राजाबद्दल मला जे वाटतं ते कुठल्याच हीरोबद्दल वाटलेलं नाही, कारण मला माहितीये ते ओझं कसं असतं, ते खांद्यावर कमी आणि गळ्यात जास्त असतं.

मालिका संपली तरी माझं वेड काही संपलं नाही. तालुक्याला एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर चांदोबा मिळायचा, त्यात वेताळाची गोष्ट असायचीच, आणि वर ते चित्र, एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागं वळून पाहणारा राजा. ते चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचं, २०२० साली ते गेले तेव्हा मी त्या दिवशी जुने अंक काढून बसलो होतो. मूळ गोष्टी पंचवीसच, पण चांदोबावाल्यांनी नव्या रचून रचून ती मालिका कितीतरी वर्षं चालवली, राजाला काही उसंत दिली नाही.

पुढं कॉलेजात लायब्ररीत कथासरित्सागराचं भाषांतर हाती लागलं आणि मी उभ्या उभ्या वाचत राहिलो. अकराव्या शतकात काश्मीरमधे सोमदेवानं सूर्यवती राणीसाठी लिहिलेला ग्रंथ, आणि त्यात वेताळाच्या गोष्टीतला राजा कुठला, तर गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे पैठणचा! त्रिविक्रमसेन त्याचं नाव. टीव्हीवरचा विक्रम उज्जैनचा. आणि जुना दक्षिणापथ उज्जैनहून नर्मदेवरच्या माहिष्मतीवरून प्रतिष्ठानला यायचा, मग मधे काय, सातपुडा आणि तापी, म्हणजे आम्हीच की. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी. राजा उज्जैनचा धरा नाहीतर पैठणचा, आमच्या खान्देशाच्या वेशीवरूनच त्याची वाट गेलेली.

आणि सुरुवात काय सुंदर आहे. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, काही मागत नाही, राजा ते खजिनदाराकडं देतो, असं दहा वर्षं चालतं. एक दिवस राजा ते फळ एका माकडाला देतो, माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग खजिन्यात जाऊन पाहतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. दहा वर्षांचं देणं अंगावर, म्हणून राजा त्या भिक्षूला नाही म्हणू शकत नाही आणि अमावास्येच्या आदल्या रात्री स्मशानात जातो. राजा स्मशानात का गेला, तर उपकाराच्या ओझ्यानं. ही गोष्ट मुळापासून ओझ्याचीच आहे.

तर आता २०१८. मधे २००९ मधे पण एकदा नवीन करून पाहिलं होतं, त्याचे दोनचार भाग पाहून मी सोडून दिलं होतं. पण २०१८ च्या ऑक्टोबरात विक्रम बेताल की रहस्य गाथा येणार असं कळलं आणि वेताळाच्या भूमिकेत मकरंद देशपांडे, तेव्हा मात्र मी लहान पोरासारखा दिवस मोजत होतो. आपल्या मराठी रंगभूमीवरचा माणूस, तो आवाज, ते केस, ते डोळे, वेताळ म्हणून जन्मलेला नट म्हटला तरी चालेल. विक्रम अहम शर्मा, ज्यानं २०१३ च्या महाभारतात कर्ण केला होता, तोही चांगला नट. मी भावाला फोन करून सांगितलं की दिवाळीला गावी सगळे मिळून पाहू.

दिवाळीला गावी गेलो. नानांची ती ओसरी आता नाही, धाबं पाडून स्लॅब झालाय, नाना नाहीत, आजी तर केव्हाच गेली. आमच्याच घरात भावानं घेतलेला मोठा टीव्ही, शेवभाजी झाली, आई खुर्चीवर, माझी मुलगी दहा वर्षांची, भावाची दोन पोरं, सगळे खाली सतरंजीवर. मी मुद्दाम लाईट बंद केले.

काय सांगू. पहिल्या दहा मिनिटांत माझा जीव खाली खाली जायला लागला. सगळं होतं, निळा उजेड, धूर, कवट्या, कॉम्प्युटरवर केलेले महाल, विजा, प्रत्येक वाक्यानंतर धडाम असं म्युझिक. फक्त रात्र नव्हती. अंधार असा कुठं दिसतच नव्हता, सगळं चकाकत होतं. जुन्या मालिकेत वेताळ दिसायच्या आधी ऐकू यायचा, इथं ऐकायला जागाच ठेवलेली नव्हती. आणि राजा चालतच नव्हता! तो लढत होता, उड्या मारत होता, कोणीतरी मोठा खलनायक होता आणि त्याचं जग जिंकायचं कारस्थान, ते भागामागून भाग लांबत चाललेलं, आणि वेताळाची गोष्ट म्हणजे पुराणातल्या मोठमोठ्या कथा, देवदानवांच्या. देवांच्या गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही, पण वेताळाच्या गोष्टी माणसांच्या असतात. धोबी, ब्राह्मण, चोर, व्यापारी, सासरी जाणारी पोरगी. एका पोरीवर जीव असलेले तिघं तरुण, ती मरते, एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा देशोधडीला लागून मंत्र शिकून येतो आणि तिला जिवंत करतो. आता ती कोणाची? जिवंत केलं तो बाप झाला, अस्थी नेल्या तो मुलगा झाला, जो राखेशी राहिला तो नवरा. हे उत्तर आजीनं सांगितलं तेव्हा आमची आई चूल सोडून बाहेर आली होती ऐकायला.

तरी मी धीर धरून बसलो की आता प्रश्न येईल. प्रश्न आला. मी टीव्हीवरून नजर काढून पोरांकडं पाहिलं की हे काय म्हणतात, आणि तेवढ्यात उत्तर देऊन झालं होतं. श्वास घ्यायलासुद्धा वेळ नाही. भावाचा मोठा मुलगा मोबाईलमधे होता, माझी मुलगी फरसाण निवडत होती, कोणाला काही विचारलंय हे त्यांना कळलंच नाही. मला खरंच वाईट वाटलं, अगदी रडू येईल असं. मकरंद देशपांडे जीव ओतत होते त्यात, एकदोन ठिकाणी त्यांनी नुसतं मान वाकडी करून पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर जुना काटा आला, म्हणून तर जास्त वाईट वाटलं. इतका मोठा नट हाताशी असताना त्याला नुसतं अंधारात एका माणसाच्या पाठीवर बसवून बोलू दिलं असतं तरी पुरलं असतं, बाकी काहीच लागत नव्हतं. पैसा कमी लागला असता.

त्यानंतर मी आणखी आठदहा भाग पाहिले, मनापासून पाहिले, की पुढं बदलेल. नाही बदललं. नवीन करणाऱ्यांना वाटलं असेल की आजच्या पोरांना वेग पाहिजे. पण वेताळाच्या गोष्टीत दर वेळी तेच होतं, चालणं, ओझं, प्रश्न, झाडावर परत, आणि ते तेच तेच असण्यातच भीती आहे, गोडीही त्यातच आहे. जे तेच ते आहे ते काढलं की मग मागं फक्त कवट्या राहतात.

त्या दिवाळीच्या रात्री भावानंच टीव्ही बंद केला. म्हणाला, भाऊ, तू सांग ना शेवटची.

शेवटची म्हणजे वेताळाच्या प्रश्नांतली शेवटची, चोविसावी, जिथं राजा हरतो. आजी ती सांगायची तेव्हा चुलीतली राख ताटलीत घेऊन यायची आणि बोटांनी त्यात पावलं उमटवायची, दोन मोठी, दोन छोटी. मीही तसंच केलं, राख नव्हती म्हणून ताटलीत पीठ घेतलं. एक राजा आणि त्याचा मुलगा जंगलात चाललेत, वाटेत दोन बायकांची पावलं दिसतात, एक मोठं, एक लहान. ते ठरवतात की मोठ्या पावलाची जी असेल ती बापाची बायको, लहान पावलाची मुलाची. पुढं गेल्यावर कळतं की त्या मायलेकी आहेत, आणि मोठं पाऊल लेकीचं. शब्द तर दिलेला. मग बापाचं लग्न लेकीशी, मुलाचं लग्न आईशी. दोघींना मुलं झाली. वेताळ विचारतो, सांग राजा, ती मुलं एकमेकांची कोण?

आणि मी थांबलो. मुद्दाम थांबलो. भावाच्या पोरानं मोबाईल उलटा ठेवला. माझी मुलगी वही घेऊन आली आणि रेघा मारायला लागली, हा याचा मुलगा, ही तिची आई, खोडलं, परत मारलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, बाबा, एक दुसऱ्याचा काका लागतो आणि दुसरा पहिल्याचा मामा लागतो. बरोबर होतं. मी तपासून पाहिलं, अगदी बरोबर. गोष्टीतल्या राजाला हे सुचलं नाही, तो गप्प राहिला, आणि गप्प राहिला म्हणूनच वेताळ प्रसन्न झाला आणि त्यानं राजाला वाचायची युक्ती सांगितली, की तो भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि तू वाकलास की तुझं डोकं उडवील, तर तू म्हण, मी राजा आहे, मला वाकता येत नाही, आधी तू वाकून दाखव.

मुलगी म्हणाली, मग मला उत्तर आलं तर राजाला का नाही आलं? तेव्हा मी तिला आजीचा प्रश्न विचारला. आम्ही भावंडांनी पण लहानपणी काका आणि मामा असं शोधून काढलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात आजीला सांगितलं होतं. तिनं ताटलीतली राख हातानं सारखी केली आणि म्हणाली, "बरं, मंग कोन कोना पाया पडी?"

दोघंही एकमेकांपेक्षा नात्यानं मोठे. वाकायचं कोणी?

भाऊ म्हणाला काकाचा मान आधी, काका घरचा. आई खुर्चीवरून लगेच म्हणाली, असं कसं, मामाशिवाय लग्नात पान हलत नाही. भावाची बायको आईच्या बाजूनं, माझी बायको म्हणे जो वयानं मोठा त्याच्या पाया पडा, तर मुलगी म्हणाली दोघं एकाच दिवशी जन्मले असले तर. रात्री साडेबारापर्यंत हेच चाललं होतं. अजून ठरलेलं नाही, परवा भाऊबीजेच्या फोनवर पण आईनं परत तो विषय काढला.